विक्रम साराभाई आणि आकाशातला दुसरा ध्रुव

ज्याने उपग्रहांचा ध्यास घेतला, त्याला स्वदेशाचा एकही उपग्रह आकाशात गेलेला पाहावयास मिळू नये, हा दैवयोग मला नेहमीच चटका लावून जातो. डॉ. विक्रम साराभाई यांच्याविषयी मी हे लिहीत आहे. आम्हां बडोदेकरांना ते अगदी शेजारचे. अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात १२ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. घरी लक्ष्मी पाणी भरीत असता या मुलाने सरस्वतीची आराधना पत्करली. शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. महायुद्धामुळे परतावे लागले, तेव्हा बंगळूरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४७ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी अहमदाबादेस भौतिकी संशोधनशाळा स्थापिली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून पहिले अग्निबाण उडाले, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

अन्नधान्याची ददात असलेल्या देशाला हे थेर हवेत कशाला, असे पुष्कळांना वाटे. आक्षेप खोटा नव्हता. साराभाईंनी तो टाळला नाही. चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत त्यांना मुळीच रस नव्हता. खेड्यातल्या शेतकऱ्याला पीक, पाणी व आरोग्य यांची माहिती तारा-खांबांवाचून पोचवावयाची, हे त्यांचे गणित होते.

हे गणित ज्यावर उभे होते, ती गोष्ट मोठी मौजेची आहे. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहास एका फेरीला पृथ्वीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो. त्यामुळे तो आपल्याला एकाच जागी दिसतो. आपला ध्रुव उत्तरेस अढळ. हा दुसरा ध्रुव माणसाने बसवलेला, आणि तो बोलतोही! एकदा त्याच्याकडे तोंड करून तबकडी लावली की ती हलवावी लागत नाही. हिंदी महासागरावरील अशाच एका व्यापारी इंटेलसॅट उपग्रहाशी बोलण्यासाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे केंद्र उभारावयाचे ठरले, तेव्हा ते आपल्याच इंजिनिअरांनी बांधावे असा आग्रह साराभाईंनी धरला. पुढे त्या केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले.

१९६९ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेण्याचा करार त्यांनी जुळवून आणला. परंतु ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात कोवळम येथे अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांना मृत्यूने गाठले.

१ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दिसू लागली. या कामाची धुरा वाहणाऱ्यांत आपल्या बडोद्यात शिकलेले प्रमोद काळे आणि कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. वर्ष सरले, उसना उपग्रह परत गेला आणि पडदे काळे झाले. उसन्यावर संसार चालत नाही, हे साराभाई आधीच ओळखून होते; आपला उपग्रह आपणच करावयाचा, हा त्यांचा बेत कागदावर तयार होता. १९८१ साली ‘ॲपल’ हा आपल्या हातचा पहिला स्थिर दळणवळण उपग्रह वर गेला. त्याची एका चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवलेली छबी पुष्कळांनी पाहिली असेल. तिला कुणी हसते, तेव्हा मला वाईट वाटते. धातूच्या वाहनाने चाचणीत व्यत्यय येई, म्हणून लाकडी गाडी आणली होती. त्यात दारिद्र्य नव्हते, शहाणपण होते.

१९८३च्या इन्सॅट-१बी नंतर दूरचित्रवाणी देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली. तिच्यावर शेतकऱ्याच्या वाट्याला किती वेळ आला, हा हिशेब मात्र साराभाईंनी आपल्याकडे मागितला असता, असे मला वाटते. आणि तो देताना आपली मान थोडी खालीच गेली असती.