चौदावा नंबर

दुसरा, अकरावा, दहावा, नववा, चौदावा.

हे कुणाच्या सेमिस्टरचे रँक नव्हेत. एका फुटबॉल मॅनेजरचे एकाच क्लबमधले सलग पाच सीझन आहेत. बावीस टीमची लीग, पाच वर्षांत एकही लीग टायटल नाही, आणि पाचव्या वर्षी थेट चौदावा नंबर. त्यात या गृहस्थाने मधेच एका खेळाडूवर तोवर कुणी मोजले नव्हते एवढे पैसे मोजलेले. आता बोला, ठेवायचा की काढायचा?

आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये हा प्रश्न टाकला तर दहा मिनिटांत निकाल लागेल. दर शनिवारी रात्री तिथे कुठल्या ना कुठल्या मॅनेजरला नारळ दिला जातोच. सेकंड इयरचा पोरगा, ज्याच्या स्वतःच्या तीन केट्या बाकी आहेत, तोही ठामपणे सांगतो की या माणसाला आता क्लबमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. आर्सेनलवाले तर यात फारच मुरलेले. आर्सेन वेंगर तिथे १९९६ पासून २०१८ पर्यंत होता. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविच इथल्या मॅचच्या वेळी फॅन लोकांनी भाड्याने विमान आणून डोक्यावरून बॅनर फिरवला, की वेंगरला घालवा. तेवढ्यात दुसरं विमान आलं, त्याच्या बॅनरवर वेंगरवर विश्वास आहे असं लिहिलेलं! खाली टीम ३-१ ने हरली ते वेगळंच.

वरचे आकडे ज्याचे आहेत तोही याच आर्सेनलचा, पण वेंगरच्या सत्तर वर्षं आधीचा. नाव हर्बर्ट चॅपमन. मित्रांनो, हा माणूस आपल्या मॅगझिनमध्ये यायलाच हवा, कारण तो आपल्याच जमातीतला.

जन्म १९ जानेवारी १८७८ चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या किव्हेटन पार्क नावाच्या कोळसा-खाणीच्या गावात. वडील खाणकामगार. पोरगा शेफिल्डच्या टेक्निकल कॉलेजात मायनिंग इंजिनिअरिंग शिकला. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखंच त्याचं शिक्षण एकीकडे आणि जीव दुसरीकडे. खेळाडू म्हणून मात्र बेताचाच. ग्रिम्सबी, स्विंडन, नॉर्थॅम्प्टन, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम असे क्लब बदलत राहिला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो मुख्यतः त्याच्या पिवळ्या बुटांमुळे.

१९०७ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनने त्याला खेळाडू-कम-मॅनेजर केलं आणि इथून गाडी रुळावर आली. तळाला असलेली ती टीम १९०९ मध्ये सदर्न लीगची चॅम्पियन झाली. १९१२ मध्ये तो लीड्स सिटीत गेला. मग पहिलं महायुद्ध. चॅपमन लीड्सजवळच्या बार्नबो इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून रुजू झाला.

आणि इथे प्रकरण शेकलं. युद्धाच्या काळात लीड्स सिटीने बाहेरून आलेल्या खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिले, असा आरोप झाला. चौकशीसमोर क्लबने हिशोबाची वहीच द्यायला नकार दिला. ऑक्टोबर १९१९ मध्ये क्लब लीगमधून हाकलला गेला, खेळाडूंचा एका हॉटेलात चक्क लिलाव झाला, आणि चॅपमनवर फुटबॉलची बंदी आली. तो तेव्हा सेल्बीच्या तेलगिरणीत नोकरी करत होता. १९२० च्या अखेरीस तीही गेली. वय बेचाळीस, धंद्यातून बाद, हातात काम नाही.

हडर्सफील्ड टाउनने त्याच्या वतीने अपील केलं. मुद्दा असा मांडला की पैसे दिले गेले तेव्हा हा माणूस बार्नबोच्या कारखान्यात होता. बंदी उठली. मला विचाराल तर, मॅनेजरला काहीच पत्ता नव्हता हे मला पूर्णपणे पटत नाही. पण ती बंदी उठली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हेही खरं.

हडर्सफील्डमध्ये त्याने १९२२ ला एफए कप आणि १९२४, १९२५ अशी दोनदा लीग जिंकली. यातली १९२४ ची लीग कॅल्क्युलेटर घेऊन बघण्यासारखी आहे. हडर्सफील्ड आणि कार्डिफ, दोघांचे ५७ गुण. तेव्हा मारलेले गोल भागिले खाल्लेले गोल असा हिशोब धरायचे. हडर्सफील्ड ६० भागिले ३३, कार्डिफ ६१ भागिले ३४. फरक ०.०२४. आजच्यासारखी वजाबाकी केली असती तर दोघांचे २७, आणि जास्त गोल मारले म्हणून कार्डिफ चॅम्पियन! फॉर्म्युला बदला, इतिहास बदलतो. आपल्या रिव्हॅल्युएशनसारखंच.

१९२५ मध्ये आर्सेनलचा मालक-चेअरमन हेन्री नॉरिस याने मॅनेजर पाहिजे अशी जाहिरात दिली. भरमसाट पैसे मोजून खेळाडू विकत घेण्याची सवय असलेल्यांनी अर्जच करू नये, असा तिचा सूर होता. टीम त्या वर्षी विसावी आली होती, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरता घसरता वाचली होती. चॅपमन आला आणि त्याने पहिल्याच उन्हाळ्यात सुंदरलँडकडून चार्ली बकन हा चौतिशीकडे झुकलेला स्टार घेतला. सुंदरलँडला ४,००० पौंड हवे होते. सौदा ठरला तो २,००० रोख आणि पहिल्या सीझनमधल्या प्रत्येक गोलमागे १०० पौंड. बकनने २१ गोल मारले. गणित तुम्हीच करा.

त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूसमोर विरुद्ध टीमचे तीन जण असावे लागत, आता दोन पुरले. डिफेंडर एक पाऊल पुढे टाकून सगळ्या मॅचचा खेळखंडोबा करत होते, त्यावर हा इलाज. परिणाम असा की पूर्ण फुटबॉल लीगमधले गोल एका वर्षात ४,७०० वरून ६,३७३ वर गेले. सगळ्यांचे डिफेन्स उघडे पडले. आर्सेनलचाही. ३ ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलने त्यांना ७-० ने धुतलं.

टीव्ही रूमची सभा तिथे असती तर चॅपमनचं सामान त्याच रात्री बांधलं गेलं असतं. त्याने काय केलं, तर खेळाडूंचं ऐकलं. बकन आधीपासून सांगत होता की मधला हाफबॅक मागे घ्या. चॅपमनने सेंटर-हाफला दोन बॅकच्या मधे भिंतीसारखा उभा केला. बॅक बाजूला सरकले आणि विंगवाल्यांना धरू लागले. आता मधल्या फळीत एक माणूस कमी, म्हणून पुढच्या पाचातला एक इनसाइड फॉरवर्ड खाली ओढला, पुढे दुसराही ओढला. वरून पाहिलं तर पुढचे पाच इंग्रजी डब्ल्यूसारखे आणि मागचे पाच एमसारखे दिसतात. हाच तो प्रसिद्ध डब्ल्यू-एम. पुढची मॅच वेस्ट हॅमविरुद्ध, ४-० ने जिंकली. सीझनअखेर आर्सेनल दुसरा.

पण डिझाइन कागदावर बसणं आणि त्याचे पार्ट मिळणं यात किती वेळ जातो हे ज्याने फायनल इयर प्रोजेक्ट केलंय त्याला विचारा. चॅपमनला चार वर्षं लागली. भिंत म्हणून हर्बी रॉबर्ट्स त्याला १९२६ मध्ये ऑस्वेस्ट्री या छोट्या क्लबात २०० पौंडांत मिळाला. १९२७ ला कपची फायनल गाठली आणि गोलकीपरच्या हातून निसटलेल्या एका बॉलवर कार्डिफकडून हरले. त्याच वर्षी नॉरिस पैशांच्या भानगडीत अडकून फुटबॉलमधून बाहेर गेला. म्हणजे मॅनेजर राहिला आणि मालकालाच नारळ मिळाला! नव्या चेअरमनने, सॅम्युएल हिल-वूडने, चॅपमनला मोकळीक दिली.

मग १९२८ मध्ये बोल्टनचा डेव्हिड जॅक, १०,८९० पौंड. तोवर कुणीच पाच आकडी रक्कम दिली नव्हती. असं सांगतात की सौद्याच्या बैठकीआधी चॅपमनने वेटरला गाठलं, आणि पाहुण्यांना जिन भरपूर घाल, आमच्या ग्लासात जिनच नको, असं बजावून ठेवलं. खरंखोटं देव जाणे. १९२९ मध्ये प्रेस्टनचा अ‍ॅलेक्स जेम्स ८,७५० पौंडांत, आणि एक्झेटरचा सतरा वर्षांचा क्लिफ बॅस्टिन. लोक आर्सेनलला बँक ऑफ इंग्लंडची टीम म्हणून टोमणे मारू लागले. आणि एवढं सगळं करून नंबर किती? चौदावा. जेम्सचा सूरच लागेना, हायबरीचे प्रेक्षक त्याची टर उडवायचे, चॅपमनने त्याला काही काळ टीमबाहेरही बसवलं.

आता मी वर एक गोष्ट मुद्दामच सांगितली नव्हती. त्याच चौदाव्या नंबरच्या सीझनमध्ये आर्सेनल कपच्या फायनलला पोचला. फायनलच्या पाच दिवस आधी लेस्टरशी ६-६ अशी अचाट मॅच झाली, डेव्हिड हॅलिडेने चार गोल मारले. आणि चॅपमनने फायनलला हॅलिडेला बसवून जॅक लँबर्टला घेतलं. २६ एप्रिल १९३०, वेंबली, समोर त्याचाच जुना हडर्सफील्ड. त्याच्या मानासाठी दोन्ही टीम बरोबरीने मैदानात आल्या. मॅच चालू असताना ग्राफ झेपेलिन हे जर्मन हवाई जहाज स्टेडियमवरून गेलं. जेम्सने फ्री किक झटकन बॅस्टिनला दिली, परत घेतली, गोल. दुसरा गोल लँबर्टचा. २-०. आर्सेनलच्या इतिहासातला पहिला मोठा कप.

पुढच्या सीझनमध्ये ६६ गुण, १२७ गोल आणि लीग. दक्षिण इंग्लंडमधल्या क्लबने लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. १९३२ ला लीग आणि कप दोन्हीत दुसरे, १९३३ ला पुन्हा चॅम्पियन, आणि बॅस्टिनचे विंगवरून ३३ गोल.

हे चालू असताना या माणसाच्या डोक्यात बाकी कितीतरी चालायचं. १९२८ मध्ये त्याने शर्टावर नंबर लावले, असोसिएशनने मना केलं, आणि १९३९ मध्ये तेच नंबर सक्तीचे झाले. मैदानावर ४५ मिनिटांचं घड्याळ लावलं, त्यालाही हरकत. मग साधं बारा तासांचं केलं. फ्लडलाइट बसवले, तर सराव करा पण मॅच नको. हायबरीवर दिव्यांखाली मॅच व्हायला १९५१ उजाडलं. एकच गोष्ट त्याने रेल्वे कंपनीकडून करून घेतली. गिलेस्पी रोड या भुयारी रेल्वेच्या स्टेशनचं नाव १९३२ मध्ये आर्सेनल झालं. तिकिटं, नकाशे, सगळं बदलावं लागलं. आपल्याकडे हॉस्टेलच्या बोर्डावरची पडलेली एक मात्रा बसवायला दोन रेक्टर बदलावे लागतात.

एवढं कौतुक झाल्यावर आता टॉमी ब्लॅकबद्दल सांगतो. १४ जानेवारी १९३३, कपची मॅच, समोर तिसऱ्या डिव्हिजनमधला वॉल्सॉल. काही खेळाडू फ्लूने आणि दुखापतींनी आडवे, म्हणून चॅपमनने राखीव पोरांना संधी दिली. आर्सेनल २-० ने हरला. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या धक्क्यांत तो निकाल आजही मोजतात. दुसरा गोल पेनल्टीवर झाला, आणि ती पेनल्टी टॉमी ब्लॅकच्या फाउलमुळे मिळाली. चॅपमनने त्याला हायबरीवर पाऊल ठेवू नकोस असं सांगितलं, आणि आठवड्याच्या आत प्लिमथला विकून टाकलं. त्या दिवशी खेळलेले चार्ली वॉल्श आणि बिली वॉर्न्स हेही लवकरच गेले.

ज्याला स्वतःला पाच सीझन मिळाले त्याने त्या पोराला पाच दिवससुद्धा दिले नाहीत. मला हे चॅपमनच्या चरित्रातलं सगळ्यात टोचणारं पान वाटतं. मेसमध्ये यावरून माझं रूम पार्टनरशी बरंच वाजलं. त्याचं म्हणणं असं की ती कडक शिस्त होती म्हणून तर त्या वर्षी लीग हातात राहिली. असेल. पण जेम्सचा सूर लागत नव्हता तेव्हा त्याच्यासाठी थांबायला चॅपमनकडे वेळ होता. जेम्स ८,७५० पौंडांचा होता आणि ब्लॅक राखीव टीममधला, हा फरक मला तरी विसरता येत नाही.

जानेवारी १९३४. आर्सेनल टेबलमध्ये पहिला. एक तारखेला चॅपमन बरीला मॅच बघायला गेला, दोन तारखेला शेफिल्डला, कारण शनिवारी त्याच शेफिल्ड वेन्सडेशी गाठ होती. सर्दी घेऊन लंडनला परतला. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलेलं असताना तीन तारखेला गिल्डफर्डला गेला, तेही क्लबच्या तिसऱ्या टीमची मॅच बघायला. सर्दीचा न्यूमोनिया झाला. ६ जानेवारीला पहाटे तो गेला. वय पंचावन्न.

त्याच दुपारी हायबरीवर ठरलेली मॅच झाली. शेफिल्ड वेन्सडेबरोबर १-१. आर्सेनलने ती लीग जिंकली आणि पुढची, १९३५ ची, देखील. १९३३ धरून सलग तीन. त्याच्या हडर्सफील्डनेही असंच केलं होतं, तो सोडून गेल्यावर १९२६ ला तिसरी.