वाकड्या पायांच्या हाडांतून सावरलेला हात

सन १८७९. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत एका लहान मुलावर उपचार सुरू होते. हाडात पू झाल्याने त्याच्या दंडाच्या हाडाचा मोठा भाग मरून गेला होता आणि त्या जागी नवे हाड धरलेच नव्हते. हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. त्या काळी असा हात कापून टाकणे हाच नेहमीचा मार्ग. ३१ वर्षांचे शल्यविशारद विल्यम मॅकएवेन यांनी मात्र वेगळे काही करून पाहायचे ठरवले.

मॅकएवेन यांचा जन्म १८४८ मध्ये ब्यूट बेटावरील रॉथसे गावी झाला. ग्लासगो विद्यापीठात शिकत असताना जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत त्यांनी जवळून पाहिली. हाड उघडले तरी जखम चिघळणार नाही, हा विश्वास त्यांना तिथेच मिळाला.

ग्लासगो तेव्हा कारखान्यांच्या धुराने काळवंडलेले शहर होते. पुरेसे ऊन न मिळाल्याने असंख्य मुलांना मुडदूस होई आणि त्यांचे पाय वाकत. मॅकएवेन हाडाची पाचर काढून असे पाय सरळ करीत. एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या या पाचरींचे त्यांनी बारीक तुकडे केले आणि मुलाच्या दंडातील रिकाम्या जागेत बसवले. १८८० पर्यंत अशा तीन शस्त्रक्रिया झाल्या. तुकडे रुजले, एकमेकांना जुळले आणि हाताला पुन्हा बळ आले. १८८१ मध्ये त्यांनी ही हकिगत रॉयल सोसायटीपुढे मांडली. एका माणसाचे हाड दुसऱ्यात यशस्वीपणे रुजवल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

तुकडे बारीक का? हाड म्हणजे निर्जीव खुंटी नव्हे. त्यातील पेशींना रक्त मिळाले तरच त्या जगतात, आणि लहान तुकड्यापर्यंत रक्त लवकर पोहोचते. हाडावरचे पातळ आवरणच नवे हाड तयार करते, असे फ्रान्सचे लुई ओलिए सांगत. मॅकएवेन यांना ते मान्य नव्हते. १९१२ च्या ग्रंथात त्यांनी हाडातील पेशींनाच सारे श्रेय दिले. इथे मात्र त्यांचे पारडे एकीकडे झुकले. त्या आवरणातही हाड घडवणाऱ्या मूलपेशी असतात, हे आता सिद्ध झाले आहे.

आजचे संशोधन त्याच वाटेने पुढे जाते. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी कॅल्शियम फॉस्फेटच्या सच्छिद्र साच्यावर रुजवतात. छिद्रांतून रक्तवाहिन्या आत शिरतात, पेशी हाड घडवतात आणि साचा हळूहळू विरघळतो. मॅकएवेन यांच्या तुकड्यांत पेशी आणि साचा दोन्ही निसर्गतःच होते. अडचणही तीच आहे. हाडातील पोकळी मोठी असली, तर मधल्या पेशी रक्ताविना मरतात. म्हणून हे उपचार अजून सरसकट सुरू झालेले नाहीत.

पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेले हजारो सैनिक परतू लागले, तेव्हा १९१६ मध्ये मॅकएवेन यांनी ग्लासगोजवळ अर्स्किन येथे त्यांच्यासाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीतील कारागिरांकडून त्यांनी लाकडी पाय घडवून घेतले. हाड पुन्हा उगवू शकते हे दाखवून देणाऱ्या या शल्यविशारदाला ते कुठे उगवत नाही, हेही ठाऊक होते. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.