एक्स्प्लेनर : नांगर विकणाऱ्या भाऊरावांनी शाळा शेताशी कशी जोडली?

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत बसलेली अनेक मुलं सोयाबीनच्या पैशावर शिकतात. पण शाळेच्या वेळापत्रकात सोयाबीन कुठेच नसतं. शेती हा शाळेत शिकवायचा विषय आहे का, हा प्रश्न अधूनमधून चर्चेत येतो. महाराष्ट्रात त्याचं उत्तर 100 वर्षांपूर्वीच एका माणसानं प्रत्यक्ष करून दाखवलं होतं. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

कोण होते भाऊराव?

जन्म 22 सप्टेंबर 1887, कोल्हापूर जिल्ह्यातलं कुंभोज. घर जैन, मूळ गाव सांगलीकडचं ऐतवडे बुद्रुक. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकले, पण मॅट्रिकपर्यंत पोहोचले नाहीत. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेल्यावर आंघोळ करून आत यायला त्यांनी नकार दिला आणि जैन बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे सर्व जातींची मुलं एका पंगतीत बसवणारं वसतिगृह त्यांनीच उभारलं.

नांगराचा काय संबंध?

पोटापाण्यासाठी भाऊराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे फिरते विक्रेते झाले. या कामामुळे गावोगावचे शेतकरी त्यांनी जवळून पाहिले. नवं अवजार दारात आलं तरी त्याचा हिशेब मांडायला, कर्जाचा कागद वाचायला घरात शिकलेलं कोणी नाही, ही त्या काळच्या खेड्यांची स्थिती होती. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली.

मुलं शेतात का राबायची?

कारण फीला पैसे नव्हते. वसतिगृह चालवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. 1930 मध्ये त्या गेल्या. दान आज मिळतं, उद्या नाही. मुलांचे दोन हात मात्र रोजचे. यातूनच ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत घडली. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. हे मोफत निवासी हायस्कूल याच पद्धतीवर चाललं. मुलं जमीन कसायची, भाजीपाला पिकवायची, दगडमातीची कामं करायची आणि वर्गात बसायची.

मग ते शेतीचं शिक्षण होतं की नुसती मजुरी?

प्रश्न रास्त आहे. मूळ हेतू खर्च भागवण्याचा होता. आजच्यासारखा कृषी अभ्यासक्रम आखलेला नव्हता. श्रीमंताच्या मुलाला पुस्तक आणि गरिबाच्या मुलाला फावडं, असा या पद्धतीचा गैरअर्थही निघू शकतो. पण भाऊरावांनी मुलांना फावड्यापाशी थांबवलं नाही. 1935 मध्ये शिक्षक घडवणारं विद्यालय आणि 1947 मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. जो मुलगा शेतात राबला, त्याच्यासाठी पदवीची वाटही त्यांनीच बांधली.

सरकारशी वाजलं का?

होय. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचं अनुदान बंद झालं होतं. ते पुढे पुन्हा सुरू झालं. 1959 मध्ये पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचं निधन झालं.

मराठवाड्यात याचं काय?

भाऊराव साताऱ्यात शाळा काढत होते तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथली लढाई मराठीतून शिकता यावं यासाठीही होती. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 मध्ये आलं, लातूरला कृषी महाविद्यालयही आहे. पण ही दारं बारावीनंतर उघडतात. काही शाळांत नववी-दहावीला व्यवसाय विषय म्हणून कृषी आहे. बहुतेक मुलांना तो मिळत नाही.

वर्गात सुरुवात कशी होईल?

मोठी जमीन लागत नाही. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं पेरायला योग्य; कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. टक्केवारीचं गणित आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिक एकाच गोणपाटावर होतं. शिवाय त्या मोजणीवर घरच्या हंगामाचा खर्च ठरतो. उगवलं नाही तर दुबार पेरणीचे पैसे बापालाच उभे करावे लागतात.

लातूरच्या मुलानं डॉक्टर व्हावंच. पण ज्या पिकावर त्याची फी भरली जाते, ते पीक त्याला शाळेत कळावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. भाऊरावांच्या शाळेत पुस्तक आणि शेत यांपैकी एकच निवडायची सक्ती नव्हती.