कल्याणची यमू

ज्या कल्याणात आम्ही वकिली करतो, त्याच कल्याणात दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगी मार खात वाढत होती. तिचे नाव यमुना जोशी. जग तिला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखते. शाळेच्या पुस्तकात तिची पदवी आहे, तिच्या अंगावरचे वळ नाहीत. ते सांगणे आम्हाला भाग आहे.

३१ मार्च १८६५ चा तिचा जन्म. आईचा हात फार कडक. काठी, दगड, प्रसंगी जळता निखारासुद्धा शिक्षेला वापरला जाई, असे आनंदीबाईंनी पुढे स्वतःच सांगितले. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, तिचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या विधुर गोपाळराव जोशींशी झाले. नवरा सुमारे वीस वर्षांनी मोठा. त्याने तिला शिकवले, हे खरे. पण शिकवण्याची रीत मारहाणीची होती. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, पुढे अंगावर फेकलेल्या खुर्च्या, सोडून देण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. त्याच चौदाव्या वर्षी ती आई झाली आणि दहा दिवसांत मूल गेले. त्या दुःखातून तिने डॉक्टर व्हायचे ठरवले.

१८८३ मध्ये ती नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेली. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. तिथूनच तिने नवऱ्याला पत्र लिहून त्या जुन्या माराचा हिशेब मांडला. मात्र त्याच पत्रात त्याचे उपकारही मानले. हिंदू स्त्रीने नवऱ्यापुढे गप्पच राहायचे असते, हे तिला लहानपणीच शिकवले गेले होते. क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. वय अवघे एकवीस.

कोणी विचारील, ब्राह्मण घरातल्या मुलीचे दुःख आम्ही का सांगावे? कारण बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवून दिले की, जातीचे कुंपण टिकवण्यासाठीच बालविवाह, सती आणि सक्तीचे वैधव्य लादले गेले. मनूची व्यवस्था आपल्या घरच्या लेकींनाही सोडत नव्हती. त्या काळी दंडसंहितेत संमतीचे वय होते दहा. ते बारा करायला १८९१ उजाडले आणि तेव्हाही टिळकांसारख्या पुढाऱ्यांनी विरोधच केला. म्हणजे यमू चौदाव्या वर्षी आई झाली, त्यात कायद्याच्या लेखी गुन्हाच नव्हता!

याउलट १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांवरील अत्याचाराची साक्ष 'ज्ञानोदया'त जाहीरपणे छापून आणली. एक चौदा वर्षांची मुलगी बोलली, दुसरी चौदाव्या वर्षी गप्प राहिली. फरक कशाचा? मुक्ताच्या पाठीशी जोतिराव-सावित्रीमाईंची शाळा होती, यमूचा शिक्षकच तिला मारणारा होता.

आज कायदा बदलला आहे. २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, पोलिसांनी गणवेशात जाऊ नये, साक्ष देताना आरोपी त्याच्या नजरेस पडू नये. माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. १०९८ हा क्रमांक लहान मुलांसाठीच आहे.

पण कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. उल्हासनगर, डोंबिवली, कळव्याच्या आपल्या वस्त्यांतही बाप दारू पिऊन आईला मारतो आणि तेरा-चौदा वर्षांचे पोर कोपऱ्यात उभे राहून बघते. बघणारे पोरही जखमी असते, हे आपण केव्हा मानणार? अभ्यास करीत नाही म्हणून पट्ट्याने मारणारा बाप शिक्षणाचेच नाव घेतो. गोपाळरावही तेच घेत होते.

विहारात आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातले पहिले शील आपल्या घरातल्या लेकरांनाही लागू आहे. आपल्या घरातल्या मुक्ताला बोलू द्या. तिची यमू होऊ देऊ नका.