गोपाळ गणेश आगरकर : ईश्वरनिरपेक्ष नीती आणि सहविचारी समाज

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मसुधारणेचे पुरस्कर्ते अनेक झाले. परंतु नीतीला ईश्वराच्या आधाराची गरज नाही, ही भूमिका जाहीरपणे मांडून तीनुसार जगणारे थोडे. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे त्यांपैकी अग्रणी होत. त्यांच्या चरित्राकडे केवळ समाजसुधारकाचे चरित्र म्हणून पाहिले असता एक प्रश्न दुर्लक्षित राहतो. परंपरागत श्रद्धा सोडलेल्या माणसाने आपली माणसे कोठे शोधावीत, हा तो प्रश्न होय.

आगरकरांचा जन्म कऱ्हाडजवळील टेंभू या गावी, गरीब कुटुंबात झाला. कऱ्हाड, रत्नागिरी व अकोला येथे मिळेल ते काम करीत आणि इतरांच्या आश्रयाने राहत त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचारांना निश्चित वळण दिले. तेथेच टिळकांशी स्नेह जुळला. एम्.ए. होऊनही सरकारी नोकरीची वाट न धरता, अल्प वेतनावर लोकशिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी केला व तो आपल्या आईला पत्राने कळविला. पारलौकिक फळाची अपेक्षा नसलेला हा त्याग त्यांच्या नीतिविचाराचे पहिले प्रात्यक्षिक मानावा लागेल.

१८८१ मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले आणि 'केसरी'चे पहिले संपादक बनले. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यामुळे १८८२ मध्ये टिळकांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व फर्ग्युसन कॉलेज (१८८५) यांच्या उभारणीत ते सहभागी झाले. समान ध्येयाने एकत्र आलेल्या शिक्षकांचा हा संघ हेच त्यांचे पहिले सहविचारी कुटुंब होते; परंतु ते अभंग राहिले नाही. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद वाढून १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

प्रार्थना समाजाचा मार्ग आगरकरांना खुला होता. रानडे व भांडारकर यांच्याविषयी त्यांना आदर होता. तथापि शुद्ध केलेली उपासनाही त्यांच्या अज्ञेयवादी बुद्धीला पटण्यासारखी नव्हती. 'देवतोत्पत्ति' या निबंधात देवकल्पनेचा उगम त्यांनी आदिमानवाच्या अज्ञानात शोधला. आचाराची योग्यता ठरविताना मनुष्याच्या सुखदुःखावरील परिणाम पाहावा, ही त्यांची कसोटी होती. या कसोटीमुळेच बालविवाह, केशवपन व स्त्रियांचे अज्ञान हे त्यांच्या दृष्टीने शास्त्रार्थाचे विषय न राहता अन्यायाचे विषय ठरले. संमतिवयाच्या वादात इतर सुधारक धर्मवचनांचा आधार शोधत असता आगरकरांचा भर विवेकावर होता.

१८८८ मध्ये सुरू झालेले 'सुधारक' हे पत्र त्यांनी याच विवेकाच्या आधारावर चालविले. इंग्रजी मजकुराची बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. १८९३ मध्ये विधवेशी विवाह करणारे धोंडो केशव कर्वे हेही फर्ग्युसनमधील सहकारीच होते. मंदिर, दीक्षा किंवा प्रार्थना यांवाचून माणसे एकत्र येऊ शकतात, याचा पुरावा महाविद्यालय आणि पत्र यांभोवतीच्या या लहानशा वर्तुळाने दिला. सनातनी मंडळींनी मात्र जिवंतपणीच आगरकरांची प्रेतयात्रा काढली. घरात पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. आपली मते त्यांच्यावर लादणे आगरकरांना मान्य नव्हते. विचारस्वातंत्र्याचे तत्त्व त्यांनी स्वतःच्या घरातही पाळले; टीकाकारांना मात्र ती विसंगती वाटली.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलेले असतानाही अध्यापन व लेखन चालूच राहिले. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार इतरांवर पडू नये म्हणून त्यांनी थोडी रक्कम बाजूला बांधून ठेवली होती, असे सांगितले जाते. विरोधक झालेल्या टिळकांनीही 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आगरकरांनी पंथ स्थापन केला नाही, त्यामुळे त्यांच्यामागे अनुयायांची संघटना राहिली नाही. ही त्यांच्या कार्याची मर्यादा खरीच. पण प्रत्येकाने स्वतः विचार करावा असा आग्रह धरणाऱ्याला पंथ उभारणे हे आत्मविरोधीच ठरले असते. त्यांचा समाज वर्गात आणि वाचकांत होता. मराठी निबंधाला त्यांनी दिलेला युक्तिवादाचा कणखरपणा याच संबंधातून आला. आज्ञा करण्यास धर्मग्रंथ नसल्यामुळे वाचकाला पटवून देण्यावाचून त्यांच्या नीतीला दुसरा मार्ग नव्हता.