चित्तप्रसाद : भुकेची चित्रं काढणारा माणूस

वर्गात मुलांना दुष्काळाचं चित्र काढायला सांगून बघा. भेगाळलेली जमीन, वाळलेलं झाड, डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. दुष्काळ म्हटलं की आपण आधी आभाळाकडे पाहतो. म्हणूनच आज तुम्हाला चित्तप्रसाद भट्टाचार्य यांची ओळख करून द्यावीशी वाटते.

जन्म १९१५ चा, बंगालमधल्या नैहाटीचा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. जात सांगणारं आडनाव त्यांनी सोडून दिलं, चित्रांवर नुसतं 'चित्तप्रसाद' राहिलं.

१९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. कारण निव्वळ पावसाचं नव्हतं. महायुद्ध चालू होतं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला होता. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतल्या होत्या. त्यातच १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपलं. तांदूळ पार नाहीसा झाला नव्हता, पण त्याचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला होता. आता सांगा, महागाईचं चित्र कसं काढायचं?

चित्तप्रसाद त्या नोव्हेंबरात मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. भांडी, गुरं, शेवटी जमीन विकून बसलेली माणसं त्यांना भेटली. ती त्यांनी काळ्या शाईत रेखाटली. बरगड्या मोजता येतील अशी. आणि अनेक चित्रांजवळ त्या माणसाचं नाव-गावही लिहून ठेवलं! मुलांना ही चित्रं दाखवाल तेव्हा ते नाव आधी झाकून ठेवा. थोडं बोलून झालं की मग उघडा. नाव कळल्यावर मुलं चित्राकडे पुन्हा पाहतात.

त्यांची चित्रं कम्युनिस्ट पक्षाच्या, मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' साप्ताहिकात येत. या प्रवासाचं 'हंग्री बेंगॉल' नावाचं छोटं पुस्तकही निघालं. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. शाईच्या रेघांची एवढी धास्ती!

१९४६ पासून ते मुंबईत राहिले. पुढे पक्षापासून दूर झाले. अंधेरीतल्या लहानशा घरात हलाखीतच दिवस काढले, पण काम थांबलं नाही. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा. खर्च कमी आणि एका चित्राच्या पुष्कळ प्रती, म्हणजे साध्या माणसालाही घेता येतील. ज्यांचं बालपण कामात जातं अशा मुलांवर त्यांनी लिनोकटची एक मालिकाच केली. ती युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीने १९६९ मध्ये पुस्तकरूपात छापली.

१९७८ मध्ये कोलकात्यात त्यांचं निधन झालं. 'हंग्री बेंगॉल'ची एक प्रत मात्र घरच्यांनी जपून ठेवली होती. तिच्यावरूनच २०११ मध्ये ते पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापलं गेलं.