कुरणातली शाळा : ताराबाई मोडक

गुजरातेत वाढलेल्या मराठी माणसाला गिजुभाई बधेका कोण हे सांगावे लागत नाही. त्यांना इथे प्रेमाने 'मूछाळी मा' म्हणतात, म्हणजे मिशीवाली आई. पण भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून आठ-नऊ वर्षे काम करणारी बाई मराठी होती, आणि तिने तेच काम पुढे ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या पाड्यांपर्यंत नेले, हे आपल्या मंडळातल्या जुन्या मंडळींनाही चटकन आठवत नाही. त्या ताराबाई मोडक.

त्यांची आठवण निघण्याला कारण घडले ते मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाचे. यंदा पहिली-दुसरीच्या मुलांसाठी भाषेचा, गणिताचा, परिसराचा असे वेगळे तास न ठेवता 'पाऊस', 'बाजार', 'घर' अशा एकेका सूत्राभोवती सगळे काम आखावे, असे आम्ही वर्ग घेणाऱ्यांनी ठरवले. कागद घेऊन बसल्यावर कळले की सूत्र सुचणे सोपे आणि त्यातून वर्षभराची आखणी करणे कठीण. मग ज्यांनी हे आपल्या आधी कितीतरी वर्षे केले त्यांच्याकडे वळलो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेर केळकरांचे. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलीने शिकायचे की नाही हा प्रश्नच घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवी घेतलेल्या मराठी बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाला. तो संसार टिकला नाही. त्याच्या तपशिलात शिरण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. ताराबाईंनी स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्या म्हणून गेल्या, एवढे इथे पुरे.

प्राचार्यपद म्हणजे मानाची आणि बऱ्या पगाराची जागा. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. तिथे नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंनी १९२० पासून बालमंदिर चालवले होते. गिजुभाई मूळचे वकील. मादाम मॉन्टेसरींचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि मुलांत येऊन बसले. मॉन्टेसरींची रोममधली पहिली शाळा १९०७ ची. तिथली साधने मुद्दाम अशी घडवलेली की एका साधनातून मुलाने एकच गोष्ट शिकावी: एकात लहान-मोठे, दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात खरखरीत-गुळगुळीत. ही शिस्त गिजुभाईंनी घेतली, पण मॉन्टेसरी ज्या गोष्टीकडे जरा संशयाने पाहत ती त्यांनी बालमंदिरात मोकळेपणाने आणली. ती म्हणजे कहाणी. राजा-राणीच्या, कावळा-चिमणीच्या, काठियावाडी बोलीतल्या कहाण्या. त्यांच्या मागोमाग नाटक, गाणे, चित्र. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला काल्पनिक मास्तर चौथीच्या वर्गावर जो वर्षभराचा प्रयोग करतो त्याची सुरुवातही गोष्टीनेच होते आणि वाचन, इतिहास, भूगोल तिच्या मागून येतात. सगळे विषय एका दोऱ्यात ओवण्याची ही आपल्याकडची पहिली रीत म्हणायला हरकत नाही. तो दोरा गोष्टीचा होता.

ताराबाई तिथे नुसत्या मदतनीस नव्हत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, तो गिजुभाई आणि ताराबाई या दोघांच्या कष्टाने. शिक्षक घडवायचे, लिहायचे, पालकांशी बोलायचे ही कामे दोघांनी वाटून घेतली होती. भावनगर सोडून मुंबईला आल्यावर १९३३ पासून ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' मराठीत चालवली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे केले. मराठी मध्यमवर्गाच्या मुलांना बालशिक्षण मिळू लागले ते मुख्यतः यामुळे. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी मादाम मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या.

इथवरचे आयुष्यही एका माणसाला पुरेसे होते. पण दादरच्या शाळेत साधने होती, चटया होत्या, फी भरणारे पालक होते. खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न गांधीजी सर्वांनाच विचारत होते. १९३७ च्या वर्धा योजनेत त्यांनी सात वर्षांपुढच्या मुलांसाठी हस्तोद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफायला सांगितले होते. १९४५ मध्ये नयी तालीमची व्याप्ती वाढून तीत सात वर्षांखालचे मूलही आले. त्याच वर्षी ताराबाईंनी दादर सोडले आणि डिसेंबर १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वय त्रेपन्न. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा, शिक्षिका. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात दोघींची भेट झाली होती. त्यानंतर एकमेकींची साथ सुटली नाही.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. हरिजनवाड्यातली, आदिवासी पाड्यातली मुले गावातल्या शाळेच्या उंबऱ्यावर यायला बिचकत, आणि त्यांना तिथे येऊ देणे गावातल्या काहींना रुचतही नव्हते. तेव्हा या दोघी वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण हाच वर्ग. आधी मुलांना आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणे, गोष्ट, खेळ. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी. आज हा शब्द देशभर सरकारी कागदांवर आहे. तो बोर्डीच्या त्या अंगणांतून आला.

साधनांचेही तसेच झाले. मोजायला शिंपले, खडे आणि चिंचोके. रंग ओळखायला पाने-फुले, आकारांसाठी माती, आणि लहान-मोठ्याचा क्रम लावायला काटक्या. मॉन्टेसरींनी सुताराकडून तंतोतंत मापात घडवून घेतलेली साधने खेड्यात परवडणारी नव्हतीच. पण बारकाईने पाहिले तर ताराबाईंनी वस्तू बदलल्या, पायऱ्या बदलल्या नाहीत. आधी हाताला कळायचे, मग डोळ्याला, मग नाव, मग खूण. ही चढण बोर्डीतही तीच राहिली.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली, दुबळा, काथोडी यांचे पाडे. इथे आणखी एक अडचण पुढे आली. सहा-सात वर्षांचे मूल घरात मोकळे नसते. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, मुलगा गुरे घेऊन रानात जातो. मुलीसाठी ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. या प्रयोगाला विकासवाडी म्हणत. तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एक सलग टप्पा मानावा, असे २०२० च्या शैक्षणिक धोरणात आले तेव्हा आपल्याला ते नवे वाटले. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा.

कुरणशाळेत तासांची घंटा चालणारच नाही. गुरे जिकडे सरकतील तिकडे वर्ग सरकणार. मग धडा कशाचा? जे पुढ्यात आहे त्याचा. तिथे सूत्राभोवती शिकवणे ही शिक्षणशास्त्रातली हौस राहत नाही, दुसरा मार्गच नसतो. आम्ही आमच्या वर्गासाठी म्हणून या टापूतले एक सूत्र कागदावर मांडून पाहिले: गवत. ताराबाईंनी असाच धडा घेतला असे आमचे म्हणणे नाही, हे आमचे गणित आहे. पहिल्या पावसानंतर गवत किती दिवसांत टाचेपासून गुडघ्यापर्यंत येते ते काठीने मोजायचे. कोणते गवत गाय खाते, कोणते सोडते. पेंढी, भारा, गंजी, विळा हे शब्द, आणि त्यांना पाड्यावर काय म्हणतात ते मुलांनीच सांगायचे. इतक्या पेंढ्यांचा एक भारा, तर एवढ्या भाऱ्यांच्या किती. कापलेले गवत वखारीत जाते, तिथून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे, म्हणजे भूगोल आला.

आणि इथे थांबावे लागते. कारण याच भागात १९४५ साली वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मागितली. वेठबिगारीविरुद्धच्या त्या लढ्यात ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे मेली. बोर्डीचे केंद्र त्यानंतर दोन महिन्यांनी उघडले. ताराबाईंचा मार्ग गोदावरी परुळेकरांच्या लाल बावट्याचा नव्हता. पण कुरणात बसलेल्या मुलाला भाऱ्यांची बेरीज आली की त्याच्या बापाचा हिशेब कोण कसा लिहितो तेही एक दिवस कळणार होते. परिसरातून शिकवायचे म्हटले की परिसरात जे आहे ते सगळे येते. फुलपाखरे तेवढी निवडून घेता येत नाहीत.

या पद्धतीत एक धोकाही आहे. वर्धा योजनेच्या शाळांत पुढे पुढे टकलीशी प्रत्येक गोष्ट जोडण्याचा अट्टहास झाला आणि समवाय ओढूनताणून येऊ लागला. आमचीही पहिली आखणी अशीच झाली होती. 'पाऊस' घेतला म्हणून वजाबाकीही पावसाच्या थेंबांची! मुलांना ती खोटी वाटणारच. कोसबादच्या कामातून आम्हाला जे उमगले ते असे, की सूत्रातून मुलाला शिकण्याचे कारण मिळते, पण अक्षर गिरवणे आणि आकडे पक्के होणे याला रोजचा वेगळा, शांत सराव लागतो. ताराबाईंनी तो कधी सोडला नाही. कुरणातले खडे हे खेळणे नव्हते, ते मॉन्टेसरींच्याच मण्यांच्या जागी आलेले होते. म्हणून आमच्या वर्गात आता पाऊण वेळ सूत्राचा आणि पाव वेळ निव्वळ सरावाचा, अशी वाटणी ठरली आहे.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. तेव्हाही मुक्काम कोसबादलाच होता. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाड्या निघाल्या. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी खाऊ पोहोचला, पण शिंपले आणि चिंचोके मागे पडले. कोसबादच्या टेकडीवर मात्र अनुताईंनी १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत, मुलांसाठी ते जमवणे चालू ठेवले.